वीस रुपयांचे कूपन

आमच्या लायन्स क्लबचा तीन दिवसांचा आनंदमेळा यंदा जानेवारीत पार पडला आणि शेवटच्या रात्री साडेअकराच्या सुमारास, मैदानावर मांडव उतरवण्याचे आवाज चालू असताना, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही चौघे जण बाकांवर कूपनांचे ढीग मांडून बसलो होतो. कूपने मोजणे हे नोटा मोजण्यापेक्षा किचकट काम आहे. नोट कितीही मळली तरी माणूस ती जपून हाताळतो, कूपनाचे तसे नसते. भरिताच्या तेलाने ते आरपार दिसू लागते, पिठल्याच्या हळदीने माखते आणि लहान मुलाच्या मुठीत राहिले तर त्याचा लगदा होतो. गुलाबी कूपन दहाचे, पिवळे वीसचे, हिरवे पन्नासचे, अशा शंभरशंभरच्या गड्ड्या बांधत असताना समोर बसलेल्या सचिवांनी पिवळ्या ढिगातून एक निळे कूपन उचलून दिव्यासमोर धरले आणि विचारले, "हे कुठले? कोणी बनावट छापले की काय?" ते बनावट नाही, ते बाजूला ठेवा, त्याचा हिशेब मी करतो, असे मी सांगितले. त्या निळ्या कूपनाची हकिगत सांगण्यासाठीच हे लिहायला घेतले आहे, पण मेळ्याचा पैसा कसा येतो आणि कुठे जातो हे आधी सांगितल्याशिवाय तिचा अर्थ लागणार नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याच वर्षी क्लबने मला खजिनदार केले. "तुम्ही बँकेत होतात" एवढीच पात्रता त्यासाठी पुरेशी ठरली. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात लायन्स क्लब म्हटले की लोकांना निमंत्रणपत्रिकेवरची नावे आठवतात. प्रत्येक नावामागे 'ला.' म्हणजे लायन, आणि आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानाला एक हजार डॉलर दिलेले असतील तर त्याच्याही मागे 'एमजेएफ', म्हणजे मेल्विन जोन्स फेलो. हे मेल्विन जोन्स शिकागोतले विमा व्यावसायिक. आपापल्या धंद्याच्या गप्पा मारण्यासाठी जमणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळांनी गावासाठीही काही करावे, या त्यांच्या आग्रहातून १९१७ साली ही संघटना उभी राहिली. १९२५ साली ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट येथील अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांच्या कामाला वाहून घेण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून जगभरच्या लायन्स क्लबांच्या कामात डोळा अग्रभागी आला. भारतातला पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. आमचा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निघाला, पण मोतीबिंदूच्या शिबिराची प्रथा आमच्याकडेही पहिल्यापासून आहे.

खजिनदार झाल्यावर मला पहिली गोष्ट शिकवण्यात आली ती दोन खात्यांची. सदस्यांची वर्गणी आणि सभेतले किरकोळ दंड प्रशासन खात्यात जातात आणि त्यातून सभेचा चहा, टपाल, पदग्रहण समारंभाचा खर्च भागतो. लोकांकडून मेळ्यासाठी, देणगी म्हणून किंवा जाहिरातीपोटी घेतलेला प्रत्येक रुपया मात्र सेवा खात्यात जातो. तो कार्यक्रम उभा करण्यासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च त्यातून वजा करता येतो, पण उरलेली रक्कम लोकांच्याच कामी लागली पाहिजे, सदस्यांच्या जेवणावळीत जाता कामा नये. हा संघटनेचा नियम आहे आणि माझ्या मते तिच्या सगळ्या घोषणांपेक्षा तो मोलाचा आहे. गावातल्या अनेक उत्सवी मंडळांच्या हिशेबात नेमकी हीच भिंत नसते, म्हणून वर्गणीची पावती फाडायला कार्यकर्ते दारात आले की लोक कपाळाला आठ्या घालतात.

दंडाचा उल्लेख केला, तर त्याविषयीही सांगायला हवे. लायन्सच्या सभेत 'टेल ट्विस्टर' नावाचा एक पदाधिकारी असतो, शब्दशः शेपूट पिरगाळणारा. सभेला उशिरा आलेल्या, कोटावर पिन न लावलेल्या किंवा फोन वाजू दिलेल्या सदस्याला हसतखेळत दंड करणे हे त्याचे काम असते. दंडाची कमाल रक्कम संचालक मंडळ ठरवते, एका सभेत एकाच सदस्याला दोनदांपेक्षा जास्त दंड करता येत नाही, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सर्वांचे एकमत लागते. आमच्याकडे हे पद एका दंतवैद्यांकडे आहे. समोरच्याला फार दुखू न देता काय काढायचे ते काढून घेण्याची कला त्यांना व्यवसायातून अवगत झाली असावी.

आता पैसा जातो कुठे ते सांगतो. गावोगावच्या तपासण्यांत मोतीबिंदू निघालेल्या रुग्णांना आम्ही मिरजेला नेतो. पूर्वी शाळेच्या खोल्यांत किंवा धर्मशाळेत शस्त्रक्रिया होत असत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे तो प्रकार मागे पडला आणि आता तपासणी गावात, पण शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या सुसज्ज दालनातच, अशी रीत झाली आहे. ही सुधारणा सर्वस्वी योग्य आहे, मात्र तिच्यामुळे खर्चाचे स्वरूप बदलले. शस्त्रक्रियेचा आणि भिंगाचा खर्च बऱ्याच अंशी रुग्णालय आणि सरकारी अनुदान यांतून भागतो. उरतो तो जाण्यायेण्याचा खर्च. सत्तरीच्या आजीबरोबर कोणीतरी जावे लागते, त्या माणसाचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, दोघांच्या जेवणाचे पाहावे लागते, डोळ्यात घालण्याच्या थेंबांच्या बाटल्या पुढचे काही आठवडे पुरवाव्या लागतात आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणीसाठी गाडी करावी लागते. रक्तातली साखर वाढलेली आढळली तर रुग्णाला शस्त्रक्रियेविनाच परत पाठवतात आणि महिन्याभराने तोच प्रवास नव्याने करावा लागतो. शस्त्रक्रियेसाठी देणगी देणारे भेटतात, कारण त्यात 'इतक्या जणांना दृष्टी दिली' असे छापता येते. परत पाठवलेल्या आजींच्या दुसऱ्या फेरीच्या डिझेलसाठी आजवर कोणीही नावानिशी देणगी दिलेली नाही. तो खर्च मेळ्यातून निघतो.

मेळ्यातला मोठा पैसा मेळा सुरू होण्याआधीच आलेला असतो, कारण तो स्मरणिकेच्या जाहिरातींचा असतो. मुखपृष्ठाची मागची बाजू एका सराफांची ठरलेली, मधली रंगीत पाने खतांचे दुकानदार, ट्रॅक्टरचे विक्रेते आणि मंगल कार्यालयवाले यांची, आणि शेवटी 'एक हितचिंतक' असे छापलेली चौथाई पाने. सरळ देणगी द्या, आयकरात सवलत मिळवून देणारी 'ऐंशी-जी'ची पावती देतो, असे आम्ही म्हणालो तरी दुकानदार जाहिरातच पसंत करतो. त्यामागे त्याचा हिशेब असतो. देणगीवर बहुधा अर्ध्याच रकमेची वजावट मिळते, दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिली तर तीही मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर विषयच संपतो. जाहिरात मात्र व्यवसायाचा खर्च म्हणून पूर्ण दाखवता येते. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीला कायद्याने ही सोय नाही, हे मी एका व्यापाऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे येतो." स्मरणिका कोणी वाचत नाही, हे तिच्यात अध्यक्षीय मनोगत लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. जाहिरात देणाराही आपले पान छापून आले की नाही एवढेच पाहतो आणि पुढे त्या पैशाचे काय झाले हे कधीही विचारत नाही.

मेळ्याची तारीख ठरवताना आम्ही दोन पंचांगे पाहतो. एक भिंतीवरचे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालू असते, बायका काठापदराच्या साड्या नेसून संध्याकाळी बाहेर पडतात आणि वाण लुटायला बाहेर पडलेल्या चौघी जणी तशाच पुढे मेळ्यात येतात. दुसरे पंचांग साखर कारखान्याचे. ऊस तुटून गेल्यापासून चौदा दिवसांत त्याचे बिल मिळायला हवे असा कायदा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासून आहे. प्रत्यक्षात बिल केव्हा जमा होते हे ज्याचा ऊस गेला त्यालाच माहीत. तरीही जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत पहिला हप्ता बऱ्याच खात्यांत आलेला असतो आणि बाजार हललेला असतो. हप्ता लांबला त्या वर्षी पाळण्यात बसणारी मुले तेवढीच असतात, पण पुस्तकांचे आणि भांड्यांचे स्टॉल ओस पडतात. मैदानाची परवानगी, पोलीस ठाण्याचे पत्र, नगरपरिषदेचा कर, अग्निशामक बंब आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याची हमी यांत डिसेंबर निघून जातो, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मेळ्याचा जीव खाण्याच्या स्टॉलांत असतो आणि त्यांतही महिला बचत गटांच्या. चुलीवरची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत, खर्डा, ताकाची कढी, शेंगदाण्याची पोळी. शहरातून आलेले पाहुणे प्रथम याच रांगेकडे वळतात. पूर्वी पद्धत अशी होती की स्टॉलवर रोख पैसे घ्यायचेच नाहीत. प्रवेशद्वाराशी क्लबचा कक्ष असे, लोक तिथे कूपने घेत, स्टॉलवर ती देत, आणि रात्री स्टॉलवाल्यांनी कूपने आणून दिली की शंभर रुपयांच्या कूपनांमागे आम्ही त्यांना पंच्याऐंशी रुपये मोजत असू. पंधरा रुपये क्लबचे, म्हणजे सेवा खात्याचे. ज्याचा धंदा जास्त त्याचा वाटा जास्त, ज्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकले नाही त्याला तोशीस नाही. पाऊस पडला तर क्लबचेही नुकसान आणि भाकरीवालीचेही, दोघांचे एकाच प्रमाणात.

करोनाच्या खंडानंतर मेळा पुन्हा भरला तेव्हा ही पद्धत पहिल्याच संध्याकाळी कोलमडली. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमच्या कूपन कक्षातली दोन मुले हातावर हात ठेवून बसली होती. मी स्टॉलांच्या रांगेतून फिरलो तेव्हा कारण दिसले. प्रत्येक स्टॉलच्या बांबूला क्यूआर कोडचे कार्ड सुतळीने बांधलेले होते आणि पैसे आल्याची घोषणा करणारे डबे एकमेकांवर आवाज चढवत होते. भाकरीच्या स्टॉलवरच्या मावशींना मी म्हणालो, की मावशी, आपले कूपनाचे ठरले होते ना? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "साहेब, गिऱ्हाईक म्हणतंय फोनवर घ्या. दारातनं कूपन आना म्हटलं तर ते पलीकडं मोमोज खायाला जातंय. मग मी काय करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री प्रत्येकाने आपल्या मनाला येईल तेवढा वाटा आणून दिला आणि तो मी मुकाट्याने जमा केला.

पुढच्या वर्षी संचालक मंडळाने सोपा मार्ग काढला. कूपने बंद, प्रत्येक स्टॉलला तीन दिवसांचे तीन हजार रुपये भाडे, आगाऊ. खजिनदार म्हणून मला हे फार सोयीचे होते, कारण मेळ्याच्या आठवडाभर आधीच रक्कम बँकेत जमा होत होती, मोजणी नव्हती, तेलकट कागद नव्हते. मात्र दोन वर्षांत स्टॉलांची रांग बदलत गेलेली दिसली. तीन हजार आगाऊ भरणे ज्यांना परवडते ते जिल्ह्याच्या ठिकाणचे चायनीज आणि सँडविचवाले वाढले आणि नऊ बचत गटांचे चार झाले. त्यातच दुसऱ्या वर्षी मधल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मैदानात घोट्याएवढा चिखल झाला, दोन दिवसांचा धंदा बुडाला आणि भिजवून ठेवलेले पीठ अक्षरशः टाकून द्यावे लागले. आमचे भाडे मात्र सुरक्षित होते. पावसाचा सगळा तोटा, ज्यांना तो सोसण्याची ताकद सर्वांत कमी होती त्यांच्या पदरात पडला होता आणि ती व्यवस्था आम्हीच कागदावर केली होती.

त्यानंतरच्या सभेत चारही बचत गटांचे निम्मे भाडे परत करावे असा ठराव मी मांडला. त्याला विरोध झाला आणि विरोधासाठी जे कारण दिले गेले ते माझेच होते. सेवा खात्यात आलेला पैसा लोकांच्या कामासाठी आहे, तो स्टॉलवाल्यांना धंद्यातला तोटा भरून द्यायला कसा वापरता येईल, हेच मी वर्षभर सगळ्यांना ऐकवत आलो होतो. मी गप्प बसलो. तेवढ्यात आमचे दंतवैद्य उठले आणि त्यांनी आपल्या अधिकारात सभेला हजर असलेल्या प्रत्येक सदस्याला शंभर रुपये दंड केला. कारण काय, तर पावसाचा अंदाज न पाहता तारीख ठरवली. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा प्रत्येकाला शंभर रुपये दंड केला, या वेळी पहिल्या दंडाबद्दल कुरकुर केली म्हणून. दंडाची कमाल रक्कम शंभर होती आणि दोनदांपेक्षा जास्त दंड करता येत नव्हता, त्यामुळे एकोणतीस सदस्यांचे पाच हजार आठशे झाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले की चार गटांचे दीड-दीड हजार म्हणजे किती होतात. सहा हजार, मी म्हणालो. "तर मग मलाही दंड करा, त्याशिवाय तुमचा ताळा जुळायचा नाही," असे म्हणून ते खाली बसले. त्यांना दंड करायला एकमत लागते, हे वर सांगितलेच आहे. आमच्या क्लबच्या इतिहासात एकमताने संमत झालेला ठराव मला तरी हा एकच आठवतो. दंडाची रक्कम प्रशासन खात्यातली, सदस्यांच्या स्वतःच्या खिशातली, त्यामुळे ती गटांना द्यायला नियमाची आडकाठी नव्हती.

यंदा कूपने पुन्हा आणली. फरक इतकाच केला की कूपन कक्ष एकाऐवजी चार, स्टॉलांच्या रांगेतच, आणि प्रत्येक कक्षावर क्लबच्या सेवा खात्याचा क्यूआर कोड. लोकांनी फोनवर पैसे भरायचे आणि हातात कागद घ्यायचा. तरुण मुलांना हे जुनाट वाटले, काहींनी तोंडावर तसे म्हटलेही, आणि त्यांचे फार चुकले असे नाही. कूपने मोजायला आम्हाला रात्री जागावे लागले ते लागलेच. पण बचत गट चाराचे सात झाले.

कूपनांच्या पद्धतीत एक कोपरा असा आहे ज्याविषयी मला बँकेतल्या सवयीमुळे पहिल्यापासून अवघडल्यासारखे होते. विकलेली सगळी कूपने परत येत नाहीत. कोणाच्या पाकिटात राहतात, कोणाच्या धुण्यात जातात, काही मुले वहीत खूण म्हणून ठेवतात. या न वटलेल्या कूपनांचा पैसा क्लबकडे आयताच राहतो. 'उरलेल्या कूपनांचे पैसे परत मिळणार नाहीत' असे कूपनामागे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि कायद्याने तेवढे पुरत असेलही, पण तो पैसा कोणी आम्हाला देणगी म्हणून दिलेला नसतो. मी दर वर्षी तो कीर्दीत वेगळ्या ओळीवर दाखवतो.

यंदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कक्षावरचा मुलगा मला बोलवायला आला, की एक बाई जुने कूपन घेऊन आल्या आहेत आणि ऐकत नाहीत. बाई पन्नाशीच्या आतल्या, नुकत्याच कुठेतरी हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या, कपाळावर कुंकवाचे दोन टिळे, हातात वाणाची चाळणी. बरोबर मिसरूड फुटलेला मुलगा, आईने हे प्रकरण थांबवावे म्हणून तिचा पदर ओढत असलेला. त्यांनी पाकिटातून घडी घातलेला निळा कागद काढला. वीस रुपये, आनंदमेळा, जानेवारी २०२०. त्या वर्षी वीसचे कूपन निळे होते. त्या म्हणाल्या, "ह्यो तवा लहान हुता, पाळण्यात भ्याला आनि रडाय लागला, म्हनून न खाताच घरी गेलो. फुडं तुमचा मेळा भरलाच न्हाई दोन वर्सं. भरला तवा कूपनं न्हवती. म्हटलं यंदा हायत, तर घेतील." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "घ्याल न्हवं?"

कूपनामागची बारीक अक्षरे वाचून दाखवण्याची माझी छाती झाली नाही. मी त्यावर सही केली आणि भाकरीच्या स्टॉलकडे बोट दाखवले. वीस रुपयांत आता भाकरीची अर्धीही थाळी येत नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले. मावशींनी ते कूपन घेऊन दोघांपुढे काय वाढले ते मी पाहायला गेलो नाही.

तर चित्रकलेच्या वर्गात सचिवांच्या हातात आलेले निळे कूपन ते हे. भाकरीच्या स्टॉलने ते जमा केले होते, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांप्रमाणे त्यांचे सतरा रुपये आम्ही देणे लागत होतो, आणि यंदाच्या विक्रीत ते कूपन नसल्यामुळे यंदाच्या ताळेबंदात ते कुठेच बसत नव्हते. पहाटे एकच्या सुमारास बाकीचे घरी गेल्यावर मी घरून आणलेली २०२० ची कीर्द उघडली आणि न वटलेल्या कूपनांच्या ओळीतून वीस रुपये कमी केले. त्यांतले सतरा भाकरीच्या स्टॉलच्या नावे लिहिले, तीन सेवा खात्यात ठेवले, आणि कूपन टाचणीने त्या पानाला लावून ठेवले. लेखापरीक्षक जूनमध्ये येतात. त्यांना हे पान दाखवावे लागेल.